लिंका काढल्या तरी परत उगवतात आणि रँकिंगही सावरत नाही? दोन्ही दुखणी वेगवेगळी तपासा

तक्रार साधारण अशी असते. साइट पाच-सहा वर्षं जुनी, मराठीत बातम्या, पाककृती किंवा नोकरभरतीची माहिती देणारी. गूगलवरून येणारे वाचक घटले. कुणीतरी ऑडिटचा अहवाल धाडला आणि त्यात लाल अक्षरांत लिहिलं की तुमच्या साइटवरून बेटिंगच्या, औषधांच्या, झटपट कर्जाच्या 'टॉक्सिक' साइटना लिंका जातायत. त्या काढल्या. काही आठवड्यांनी पाहिलं तर तशाच नव्या लिंका हजर, आणि वाचकसंख्या होती तिथेच.

यात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. लिंका परत का येतात हे एक आणि रँकिंग का घसरलं हे दुसरं. दोन्हींचा संबंध असतोच असं नाही. माझ्या मते बहुतेक वेळा नसतो. तरी लिंकांचा छडा लावायलाच हवा, कारण त्या परत येत असतील तर साइटचं कुठलं तरी दार उघडं आहे.

आधी लिंकांची दिशा बघा

निम्मा गोंधळ इथेच होतो. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात 'लिंक्स' नावाचा अहवाल आहे. त्यात 'एक्स्टर्नल लिंक्स'खाली जी यादी दिसते ती तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांची असते, तुमच्याकडून जाणाऱ्यांची नाही. तिथे एखादी जुगाराची साइट दिसली म्हणून आपल्या पानांत ती शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण ती तिथे नसतेच. तुमच्या साइटवरून बाहेर कुठे कुठे लिंका जातात याची यादी सर्च कन्सोल देत नाही.

डिसअव्हाऊ टूलचंही तेच. गूगलने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणलेलं हे साधन फक्त येणाऱ्या लिंका नाकारण्यासाठी आहे. जाणाऱ्या लिंकेसाठी डिसअव्हाऊ फाइल चढवून काहीही होत नाही. लिंक आपल्या पानावर आहे, ती आपल्या हातानं काढता येते, त्यासाठी गूगलला अर्ज कशाला करायचा?

आणि तो 'टॉक्सिक स्कोअर' साधनं विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेला आकडा आहे. गूगल असा कुठलाही गुण कुणाला देत नाही. अहवालात तो ८२ आहे की २८, यावर झोप उडवू नका.

एका खराब लिंकेनं साइट बुडते का?

नाही बुडत. पण ही भीती हवेतून आलेली नाही.

१९९८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकचा पायाच हा होता की एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस. शिफारशीला भाव आला की ती विकली जाणार, हे ओघानंच आलं. गूगलच्या जुन्या वेबमास्टर नियमावलीत तर सरळ इशारा होता: स्पॅम करणाऱ्यांना आणि वेबवरच्या 'वाईट वस्त्यांना' लिंका देऊ नका, त्यानं तुमच्याच रँकिंगवर विपरीत परिणाम होऊ शकतो. आजवर फिरणारी बरीचशी घबराट त्या एका वाक्याची आहे.

प्रत्यक्ष कारवाई कुणावर झाली ते पाहिलं की चित्र जास्त स्पष्ट होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा ही फुलं पोचवणारी कंपनी गूगलच्या निकालांतून गायब झाली. स्वतःच्या नावानं शोधलं तरी सापडेना. तिकडच्या प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटवर तिचे जाहिरातवजा लेख लिंकांसकट छापून आले होते. इथे लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे लिंका घेणारा जसा अडकला तसे देणारेही सुटले नाहीत. त्या वेळी ब्राउझरमधल्या गूगल टूलबारमध्ये दिसणारा पेजरँक अनेक वृत्तपत्रांचा खाली आला. मग एप्रिल २०१६. वस्तू फुकट मिळाली म्हणून परीक्षण लिहून कंपनीला लिंक देणाऱ्या ब्लॉगरांना 'तुमच्या साइटवरून अनैसर्गिक लिंका जातात' अशा मॅन्युअल ॲक्शनच्या, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईच्या, नोटिसा आल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात गूगलनं जाहीर सांगितलं होतं की अशा लिंकांना नोफॉलो, म्हणजे 'ही माझी शिफारस नाही' अशी कोडमधली खूण, लावा.

या प्रकरणांत लिंक मिळणारी साइट दर्जेदार होती की टुकार, हा मुद्दाच नव्हता. इंटरफ्लोरा ही खरीखुरी, जुनी कंपनी. मुद्दा देवाणघेवाणीचा होता, आणि ती एकदा नव्हे तर पद्धतशीर होत होती याचा. म्हणून 'खराब साइटला लिंक गेली का' एवढंच विचारून भागत नाही. 'ती तिथे कशी आली आणि किती ठिकाणी आली' हेही विचारावं लागतं.

२०२२ च्या डिसेंबरपासून यात आणखी एक भर पडली. १४ तारखेला सुरू झालेल्या लिंक स्पॅम अपडेटमध्ये गूगलनं स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंका विकत घेणाऱ्या साइट ओळखायला लावलीच, शिवाय फक्त लिंका पुढे पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साइट ओळखायलाही लावली. अशा लिंकांचं वजन शून्य होतं. तुम्हाला नोटीस येत नाही, काही कळत नाही. तुमच्याकडून विकत घेतलेल्या लिंकेला काही किंमत उरलेली नसते, इतकंच.

तेव्हा परिणाम चार तऱ्हांचे. एखादी चुकार लिंक असेल तर काही होत नाही. लिंका विकण्याचा नमुना दिसला तर गूगल तुमच्या लिंका मोजणं सोडून देतं. नमुना ढळढळीत असेल तर मॅन्युअल ॲक्शन येते, ती काही पानांपुरती किंवा सबंध साइटवर. आणि साइट हॅक झाली असेल किंवा लिंक धोकादायक डाउनलोडकडे नेत असेल तर ब्राउझरमध्ये लाल इशारा येतो, वाचक दारातूनच परततो. वाचकसंख्येला खरा फटका शेवटच्या दोहोंत बसतो.

घसरण लिंकांमुळेच आहे का?

हे तपासायला फार वेळ लागत नाही. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन्स' आणि 'सिक्युरिटी इश्यूज' उघडा. दोन्हीकडे काही नसेल तर लिंकांवरचा संशय निम्म्याहून अधिक कमी करा.

मग परफॉर्मन्स अहवाल घ्या. तो १६ महिन्यांची माहिती ठेवतो. घसरण नेमक्या कुठल्या आठवड्यात सुरू झाली ते शोधा आणि गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर त्या सुमारास एखादं कोअर अपडेट (क्रमवारीच्या पद्धतीतला मोठा बदल) किंवा स्पॅम अपडेट चालू होतं का ते जुळवून पाहा. कोअर अपडेटशी तारीख जुळली तर प्रश्न मजकुराचा आणि स्पर्धेचा आहे, लिंका काढून तो सुटणार नाही. पानं निकालांत पूर्वीइतकीच वर दिसतायत पण क्लिक कमी, असं असेल तर निकालाच्या पानाची मांडणी बदलली असण्याची शक्यता जास्त. आणि भरतीच्या साइटवाल्यांनी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. पोलीस भरती चालू असलेला महिना आणि नसलेला महिना एकमेकांशेजारी ठेवले तर घसरण दिसणारच.

लिंका कुठून येतात ते कसं ओळखायचं

आधी पूर्ण यादी हवी. स्क्रीमिंग फ्रॉग या क्रॉलरची, म्हणजे साइटची पानं एकेक उघडून लिंका टिपणाऱ्या प्रोग्रॅमची, फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत साइट चाळते. लहान साइटला पुरते. मोठी असेल तर होस्टिंगच्या पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस उघडणाऱ्या साधनातून पोस्टचा तक्ता उतरवून घ्या आणि त्यातल्या लिंका वेगळ्या करा. मात्र दोन्ही करणं उत्तम, कारण क्रॉलरला दिसणाऱ्या लिंका आणि डेटाबेसमधल्या लिंका यांत फरक निघाला तर तोच पुरावा ठरतो: डेटाबेसमध्ये नसलेली लिंक पानावर दिसते म्हणजे ती थीम, प्लगिन किंवा बाहेरची स्क्रिप्ट घालतेय.

यादी पूर्ण पत्त्यानुसार लावू नका, डोमेननुसार लावा. चार हजार ओळींचे तीन-चारशे डोमेन होतात आणि ते डोळ्यांखालून घालता येतात.

आता संशयित लिंक पानावर कुठे बसलीय ते बघा. प्रत्येक पानाच्या तळाशी, एकाच जागी असेल तर थीम. जुन्या लेखाच्या मधोमध, लेखाच्या विषयाला धरून असेल तर ते डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलंय. जुन्याच लेखात पण विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या वाक्यात असेल तर ती कुणीतरी नंतर घुसवलेली आहे, बहुधा पैसे घेऊन. आणि ब्राउझरमध्ये दिसतच नाही पण गूगलला दिसते, तर साइट हॅक झालीय. हे शेवटचं पडताळायला सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये जाऊन 'व्ह्यू क्रॉल्ड पेज'मधलं एचटीएमएल वाचा. साध्या ब्राउझरमधलं व्ह्यू सोर्स इथे उपयोगाचं नाही, कारण हॅकर फक्त गूगलबॉटला, म्हणजे गूगलच्या पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच, वेगळं पान दाखवतो.

हॅक आणि फुकटात मिळालेल्या थीम

परत परत उगवणाऱ्या लिंकांचं पहिलं कारण हेच. पैसे देऊन घ्यायची थीम कुठून तरी 'नल्ड', म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेली, मिळाली, बसवली, छान चालली. तिच्या फूटर किंवा फंक्शन्स फाइलमध्ये बेस-चौसष्ट या सांकेतिक रूपात गुंडाळलेला मजकूर असतो, तो लिंका ओततो. तुम्ही फूटरमधली ओळ खोडली तरी लिंका तयार करणारा कोड शाबूत राहतो आणि पुढच्या वेळी नव्या लिंका आणतो. अशी थीम दुरुस्त करत बसू नका. काढून टाका आणि मूळ ठिकाणाहून घ्या. दोन-चार हजार रुपये वाचवून पुढे वर्षभर साफसफाई करण्यात कसलं शहाणपण?

थीम अस्सल असूनही लिंका येत असतील तर मागचं दार शोधा. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फक्त चित्रं आणि पीडीएफ असायला हवेत. तिथे पीएचपी, म्हणजे चालणाऱ्या कोडची, फाइल दिसली तर ती चोराची. वर्डप्रेसमधलं 'एमयू-प्लगिन्स' हे फोल्डर प्लगिनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही, ते एफटीपीनं (सर्व्हरवरच्या फाइली पाहण्याच्या सोयीनं) उघडून पाहा. एचटीॲक्सेस ही सर्व्हरला सूचना देणारी फाइल शेवटपर्यंत वाचा. कित्येकदा खाली शे-दोनशे रिकाम्या ओळी सोडून खरा उद्योग लिहिलेला असतो. वर्डप्रेसच्या वेळापत्रकात अनोळखी काम लागलंय का ते पाहा, कारण रोज रात्री लिंका पुन्हा घालणारं काम तिथेच बसतं. कमांड लाइन वापरता येत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयमधली व्हेरिफाय-चेकसम्स ही आज्ञा मूळ फाइलींशी ताडून बदललेली फाइल दाखवते.

दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. पहिली, सर्च कन्सोलचे वापरकर्ते. हॅकर साइटमध्ये शिरला की पडताळणीची फाइल टाकून स्वतःलाच मालक म्हणून नोंदवून घेतो आणि आपला साइटमॅप चढवतो. 'युजर्स अँड परमिशन्स'मध्ये अनोळखी पत्ता दिसला तर तो काढा, आणि पडताळणीची ती फाइलही काढा, नाहीतर तो पुन्हा आत येतो. दुसरी, बॅकअप. साफ करताना काहीतरी बिघडलं म्हणून गेल्या महिन्याचा बॅकअप चढवला आणि त्या बॅकअपमध्येच रोग होता, हा प्रकार फार वेळा होतो. शिवाय कॅश (साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) रिकामी न करता तपासलं तर साफ झालेली साइटही मळकी दिसते. ते तेवढं आधी करा.

पासवर्ड बदलणं वगैरे सांगायला नको. पण फक्त ॲडमिनचा बदलून भागत नाही. होस्टिंगचा, डेटाबेसचा, एफटीपीचा, आणि साइटच्या नावानं चालणाऱ्या ईमेलचाही बदला.

मुदत संपलेली डोमेनं

हा प्रकार मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे तुमच्याकडून काहीच चुकलेलं नसतं. तुम्ही २०१७ मध्ये एका नाट्यमहोत्सवाच्या साइटला लिंक दिली. आयोजकांनी डोमेन वर्षापुरतं घेतलं होतं, पुढे पैसे भरले नाहीत. आपल्याकडे संमेलनं, शाळांचे सुवर्णमहोत्सव, प्रदर्शनं यांच्यासाठी अशी एका हंगामाची डोमेनं घेण्याची रीतच आहे. मुदत संपली की डॉट कॉमचं डोमेन लगेच मोकळं होत नाही. आधी सवलतीचे दिवस, मग सोडवून घेण्याचे ३० दिवस, मग रद्द होण्याआधीचे ५ दिवस. त्यानंतर जो पहिला नोंदवेल त्याचं. वर्तमानपत्रांनी, महाविद्यालयांनी आणि तुमच्यासारख्यांनी दिलेल्या जुन्या लिंका त्याला आयत्या मिळतात, म्हणून बेटिंगवाले अशीच डोमेनं हेरतात. मार्च २०२४ मध्ये गूगलनं मुदत संपलेल्या डोमेनांचा असा वापर स्पॅमच्या धोरणात नाव घेऊन समाविष्ट केला.

वेबवर असं किती घडत असेल? प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. यातली सगळी काही जुगाराकडे गेली नाहीत, पण माल किती पडून आहे याचा अंदाज येतो.

तुटक्या लिंका शोधणारं प्लगिन इथे उपयोगी पडत नाही, आणि नेमकं इथेच लोक फसतात. ते प्लगिन ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा सर्व्हरचा संकेत, शोधतं. बळकावलेलं डोमेन मात्र २०० (सगळं ठीक) देतं, पान झोकात उघडतं, प्लगिनच्या लेखी सगळं आलबेल. त्याऐवजी यादीतल्या डोमेनांची नोंदणीची तारीख काढा. ती तुमच्या लेखाच्या तारखेनंतरची असेल तर डोमेन नक्की दुसऱ्याच्या हाती गेलंय. लेख २०१७ चा आणि डोमेन जन्मलं २०२२ मध्ये, असं होऊच शकत नाही. पूर्वी यासाठी हूइज ही डोमेनच्या नोंदी पाहण्याची पद्धत वापरायचे, २०२५ च्या जानेवारीपासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी तिची जागा अधिकृतपणे आरडॅप या पद्धतीनं घेतलीय. एक पळवाट लक्षात ठेवा: लिलावात, पूर्ण सुटण्याआधीच विकत घेतलेल्या डोमेनची जुनी तारीख तशीच राहते. तिथे वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर जुनं रूप आणि आजचं रूप शेजारी ठेवून पाहण्याला पर्याय नाही.

सरकारी पत्त्यांचं वेगळं आहे. महापरीक्षा पोर्टल २०२० मध्ये बंद झालं, भरतीच्या जुन्या लेखांत त्याच्या लिंका अजून असतील. पण जीओव्ही डॉट इनखालचा पत्ता कुणालाही बाजारातून विकत घेता येत नाही, त्यामुळे ती लिंक मेली तरी विषारी होत नाही. भरती घेणाऱ्या खासगी कंपन्यांनी परीक्षेपुरती घेतलेली डॉट कॉम आणि डॉट इन डोमेनं आधी तपासा. अर्थात सरकारी पत्ताही डोळे मिटून सोडू नये. राज्य सरकारांच्या काही साइटवरून बेटिंगच्या पानांकडे वाचक वळवले जात असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये येऊन गेल्यात.

उपाय सोपा: मूळ पान वेबॅक मशीनवर असेल तर तिकडे लिंक द्या, नसेल तर लिंक काढून नाव तसंच ठेवा. पूर्ण लेख उडवू नका. मेलेली लिंक रँकिंगला बाधत नाही, फक्त वाचकाला चिडवते. तेव्हा आधी बळकावलेली डोमेनं, मग सवडीनं मेलेली. आणि हे काम एकदा करून संपत नाही, पुढच्या वर्षी आणखी काही डोमेनांची मुदत संपणार. वर्षातून दोनदा यादी चाळा.

लिंकेपेक्षाही वाईट म्हणजे बळकावलेल्या डोमेनवरून येणारी स्क्रिप्ट. पॉलीफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ च्या सुरुवातीला दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की तिथून येणारी जावास्क्रिप्ट मोबाइलवरच्या वाचकांना बेटिंगच्या साइटवर नेतेय. ती वापरणाऱ्या साइट लाखाच्या वर होत्या. 'लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं, वाचक मात्र मोबाइलवर दुसरंच उघडतं म्हणतात' अशी तक्रार असेल तर बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टची यादी आधी काढा.

विकलेल्या लिंका

'सर, तुमच्या साइटवर गेस्ट पोस्ट टाकायची आहे, परमनंट डू-फॉलो लिंक हवी, स्पॉन्सर्ड टॅग नको.' मराठी बातम्यांची साइट चालवणाऱ्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये हे ईमेल आहे. (डू-फॉलो म्हणजे नोफॉलो न लावलेली.) जाहिराती जेमतेम, त्यात दोन ओळींच्या लिंकेचे पैसे रोख मिळतात. मोह समजण्यासारखा आहे. पण 'स्पॉन्सर्ड टॅग नको' या अटीतच सगळं आलं. जाहिरात हवी असती तर टॅग असला काय नसला काय, त्याला फरक पडला नसता. त्याला हवी आहे ती तुमची शिफारस, आणि गूगल कारवाई करतं ते नेमकं त्याच व्यवहारावर.

पैसे घेऊन लिंक द्यायला गूगलची हरकत नाही. तिच्या कोडमधल्या रेल या गुणधर्मात 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' लिहा, विषय संपला. नोफॉलो २००५ पासून आहे; स्पॉन्सर्ड आणि वाचकांच्या मजकुरासाठीचं यूजीसी ही दोन २०१९ मध्ये आली. या अटीवर गिऱ्हाईक पळालं तर त्याला काय हवं होतं ते कळलं.

बेटिंगची लिंक मात्र टॅग लावूनही ठेवू नका. तिथे गूगल दुय्यम, कायदा आधी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुन्या लेखांत राहून गेलेल्या लिंकाही आधी काढा.

विकलेल्या लिंका परत का येतात? कारण त्या विकणारे तुम्ही एकटे नसता. संपादकानं बंद केलं तरी जाहिरातीचं काम पाहणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. काही वेळा लेखकाच्या लॉगिनवरून कुणी परस्परच जुन्या लेखांत लिंका बसवतो आणि पैसे आपल्या खात्यात घेतो. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक लेखाच्या 'रिव्हिजन्स' असतात, लिंक कुठल्या दिवशी कुणाच्या लॉगिननं घुसली ते तिथे कळतं. तीन वर्षांपूर्वीचा लेख परवा रात्री अकरा वाजता सुधारला गेला असेल तर विचारायला हवं. लेखकांना दुसऱ्यांच्या किंवा प्रसिद्ध झालेल्या लेखांत हात घालण्याची परवानगी नसेल अशी भूमिका त्यांच्या लॉगिनला द्या.

प्रतिक्रिया, नोंदणीची पानं, फॉर्ममधून चढणारे पीडीएफ यांतूनही लिंका येतात. वर्डप्रेस प्रतिक्रियांतल्या लिंकांना नोफॉलो आपणहून लावतं, तेव्हा रँकिंगची चिंता नको, पण कचरा तो कचराच. जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया बंद करा.

सगळ्यांनाच नोफॉलो लावून टाकू का?

हा सल्ला हमखास मिळतो आणि त्यासाठी प्लगिनही आहेत. मला तो पटत नाही. बाहेर जाणारी 'ताकद' अडवून आत राखता येईल ही समजूत गूगलच्या मॅट कट्स यांनी २००९ मध्येच खोडून काढली: नोफॉलो लावलेल्या लिंकेच्या वाट्याची ताकद तुमच्याकडे उरत नाही, वाया जाते. मार्च २०२० पासून तर नोफॉलो ही आज्ञाही राहिली नाही, गूगल तिला सूचना म्हणून वाचतं. विकिपीडिया २००७ पासून बाहेरच्या लिंकांना नोफॉलो लावतं हे खरं, पण तिथे कुणीही येऊन लिंक टाकू शकतो. तुमच्या साइटवर तुम्हीच लिहिता. आपण वाचून, खात्री करून दिलेल्या लिंकेलाही 'माझा भरवसा नाही' असं लिहायचं कशाला? आणि हॅक झालेल्या साइटवर हे प्लगिन लावणं म्हणजे चोर घरात ठेवून कुलूप बदलणं.

मॅन्युअल ॲक्शन असेल तर

लिंका काढून किंवा टॅग लावून झाल्यावर सर्च कन्सोलमधूनच पुनर्विचाराची विनंती पाठवायची. माफीनामा नको. काय होत होतं, कुठल्या पानांवर, काय काढलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक तोच गाळतात. नमुन्यादाखल दिलेली दोन-तीन पानं साफ करून विनंती पाठवली तर ती बहुधा परत येते, कारण नोटिशीत फक्त उदाहरणं असतात, यादी नसते. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात. विनंती मान्य होऊन थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार दिसला तर पुढची विनंती जड जाते, म्हणून विक्री खरोखर थांबल्याशिवाय अर्ज करू नका.

मॅन्युअल ॲक्शन नसेल तर विनंती करायची सोयच नाही. पानं पुन्हा क्रॉल होईपर्यंत थांबायचं. आणि लिंका जाऊनही वाचक परतले नाहीत तर वरच्या तपासणीकडे वळा, कारण मग घसरण लिंकांमुळे नव्हतीच.

हॅकमध्ये साइटवर हजारो खोटी पानं (बऱ्याचदा जपानी मथळ्यांची) तयार झाली असतील तर त्यांचं काय करायचं ते शेवटी. त्या पत्त्यांना ४०४ किंवा ४१० (पान कायमचं गेलं) मिळू द्या. मुखपृष्ठाकडे रीडायरेक्ट करू नका. सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल्स टूल ती निकालांतून सुमारे सहा महिने लपवतं, कायमची काढत नाही, तेव्हा त्या मुदतीत मूळ पानं खरोखर गेलेली असली पाहिजेत. आणि घाईघाईत रोबोट्स फाइलमध्ये (गूगलबॉटनं कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) ते पत्ते अडवू नका. अडवले तर गूगलबॉट तिथे जाणारच नाही, पान गेल्याचं त्याला कळणारच नाही, आणि गूगलमध्ये आपल्या डोमेनआधी 'साइट' आणि कोलन लावून शोधलं की जपानी अक्षरांतले ते मथळे कित्येक महिने तसेच दिसत राहतील.